तिळाच्या लाडवातला व्हायकिंग

मी चुका काढण्याचा पगार घेते. अमेरिकेत, सिॲटलजवळच्या रेडमंडमधल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत दुसऱ्यांनी लिहिलेला प्रोग्राम नेमका कुठे गळपटतो ते शोधायचं आणि त्यांना कळवायचं, एवढंच माझं काम. इतकी वर्षं हे केल्यावर माणसाची जीभ जशी होईल तशी माझी झाली आहे. संक्रांतीला तिळगूळ देताना लोक मला "गोड बोला" जरा जास्तच जोर देऊन म्हणतात, ते मला कळत नाही असं नाही.

अशा बाईला छंदही तसाच लागला. व्हायकिंगांच्या चांदीच्या नाण्यांचा. याला कारणीभूत आमचे शेजारी. विमानांच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, सहा फुटांहून उंच, पांढऱ्या दाढीचे, आजीआजोबा नॉर्वेहून आलेले. त्यांच्या झाडाची पानं आमच्या पन्हळीत का पडतात हे विचारायला मी एकदा तावातावानं त्यांच्या दारात गेले होते. ते म्हणाले, आत या, तुम्हाला काहीतरी दाखवतो. आत काचेच्या कपाटात गंजलेले लोखंडी आकडे, फुटके मणी, व्हायकिंगांनी व्यापारात आणलेल्या अरबी नाण्यांचे तुकडे मांडले होते. त्यातल्या एका तुकड्याखालची चिठ्ठी चुकीची आहे, तो तुकडा उलटा ठेवला आहे, हे मी त्यांना तिथल्या तिथे सांगितलं. अरबी मला येत नाही, पण उलटं काय आहे ते कळतं. दुसरा कुणी असता तर चिडला असता. या गृहस्थांनी तो सुलटा केला आणि मला त्यांच्या नाणे मंडळाची सभासद करून टाकलं. ते मंडळाचे अध्यक्ष होते. पानांचा विषय राहूनच गेला.

त्यांच्या कपाटात सगळं होतं, पण व्हायकिंगांनी स्वतः पाडलेलं एकही नाणं नव्हतं. आयुष्यभर ते लिलावात हात वर करत आले होते आणि दर वेळी दुसरा कुणीतरी त्यांच्यावर बोली चढवायचा. मंडळाच्या प्रत्येक बैठकीत हे रडगाणं एकदा व्हायचंच. मी सहानुभूतीनं मान हलवायची आणि घरी येऊन लिलावांच्या वेबसाइट चाळायची. मनाचा मोठेपणा वगैरे माझ्याकडे नव्हता. मला ते नाणं त्यांच्या आधी हवं होतं.

आणि मिळालं. मागच्या पावसाळी सुट्टीत, म्हणजे इथल्या नोव्हेंबरात, लंडनच्या एका लिलावातून. अमेरिकन डाइमएवढं, म्हणजे दहा सेंटच्या नाण्याएवढं, नखाएवढं पातळ, काळपट. त्याची कथा ऐकण्यासारखी आहे. अकराशे वर्षांपूर्वी इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर व्हायकिंग उतरले, त्यांनी तिथल्या राजाला ठार मारलं, आणि एका पिढीच्या आत तिथेच घरदार करून, त्याच राजाला संत मानून, त्याच्या नावाची नाणी पाडायला लागले. जिवंतपणी छळायचं आणि गेल्यावर फोटोला हार घालायचा, ही रीत फक्त आपल्याकडची असं मला तोवर वाटत होतं. नाणं पाडणाऱ्याला धड लिहिता येत नसावं. काही अक्षरं उलटी, काही पडलेली, एक तर नुसतीच रेघ. पहिल्याच नजरेत इतक्या चुका दिसल्यावर मी प्रेमात नाही पडणार तर काय?

शिवाय त्याच्यावर तीन टोचण्या होत्या. व्हायकिंगांचा कुणावर विश्वास नसायचा. हातात नाणं आलं की ते सुरीचं टोक खुपसून बघायचे, आतपर्यंत चांदी आहे की वरवरचा मुलामा. थोडक्यात, टेस्टिंग. ही माझ्या व्यवसायातली माणसं.

मी ते मंडळात कुणालाही दाखवलं नाही. फेब्रुवारीत मंडळाचं प्रदर्शन असतं, आणि यंदा पहिल्यांदा मला स्वतंत्र टेबल मिळालं होतं. त्या टेबलावर, मखमलीवर, दिव्याखाली एकच नाणं ठेवायचं आणि अध्यक्ष समोर आले की त्यांचा चेहरा बघायचा, एवढाच माझा बेत होता. गेले दोन महिने मी त्या चेहऱ्यावर जगत होते.

त्याच सुमारास आई सांगलीहून आली. शहाणे लोक आईवडिलांना उन्हाळ्यात बोलावतात. मी तिकीट स्वस्त मिळालं म्हणून तिला नोव्हेंबरात आणलं, आणि तिनं विमानतळाबाहेर पाऊल टाकल्यापासून जो पाऊस लागला तो लागलाच. "तुमच्याकडे सूर्य भाड्यानं मिळतो का?" असं तिनं पहिल्या आठवड्यात विचारलं. मी दिवसभर ऑफिसात, संध्याकाळी आले की भिंग घेऊन नाण्यापुढे. आई समोर बसून विणकाम करायची आणि मधूनमधून माझ्याकडे बघायची.

"त्या शिंगवाल्यांचं काय एवढं?" ती म्हणायची.

"त्यांना शिंगं नव्हती, आई. ते सगळं नाटकवाल्यांनी नंतर घुसडलं."

"बरं बाई. नव्हती शिंगं." आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा, "झालं का तुझ्या शिंगवाल्यांचं?"

तिचं सगळं प्रेम माझ्या नवऱ्यावर. जावईबापू म्हणजे साक्षात विष्णू. जावईबापूंना माझे तिळाचे लाडू किती आवडतात, दर वर्षी मी कुरिअरनं पाठवते तर डबा चारपाच दिवसांत रिकामा, हे ती आल्यागेल्याला सांगायची. आता आईच्या लाडवांबद्दल खरं सांगायचं तर तिचा पाक नेहमी पुढे जातो. तो लाडू तोंडात धरून ठेवायचा असतो, चावायचा नसतो. लहानपणी आम्ही त्यांनी गोट्या खेळलो आहोत. पण नवरा डबे संपवायचा खरा, आणि मला त्याच्या दातांचा अभिमान वाटायचा.

संक्रांतीच्या शनिवारी आमच्याकडे हळदीकुंकू झालं. मंडळी बरीच होती: पंचवीस-तीस वर्षांपूर्वी आलेल्या, आता केस रंगवणं सोडून दिलेल्या काकू, आणि परवापरवा कंपनीत लागलेल्या मुली. आईनं दोन दिवस खपून परातभर लाडू वळले होते. प्रत्येकीला कुंकू, वाण, आणि झिपवाल्या पिशवीत लाडू. सगळं गोड झालं. सगळ्या गेल्यावर मी हातपाय धुऊन भिंगापुढे बसले, तर डबी उघडी आणि मखमल रिकामी.

मी टेबल उचललं, गालिचा उचलला, व्हॅक्यूम क्लीनरची पिशवी ओट्यावर फाडली. आई पदराला हात पुसत आली.

"काय हरवलं गं?"

"नाणं! इथलं नाणं!"

"ते काळं?" आई म्हणाली. "ते होय. ते मी गुप्तदानात दिलं."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. संक्रांतीला तिळाच्या लाडवात नाणं लपवायचं आणि तो लाडू कुणालातरी द्यायचा. घेणाऱ्याला ठाऊक नसतं आपण काय घेतलं, आणि देणाऱ्यानं जन्मात सांगायचं नसतं. सांगितलं की पुण्य संपलं. माझ्या आजीनं केलं, आई दर वर्षी सांगलीत करते. पण ती नाणं स्वतःचं घालते.

"आई, ते व्हायकिंग पेनी होतं!"

"असेल. चेपलेलं होतं, तीन ठिकाणी टोचलेलं होतं. मला वाटलं, असली तुझ्याकडे ढीगभर असतील. चांदी आहे एवढं कळलं. चांदीचं दान चांगलं."

"कुणाला दिलंस?"

आईनं ओठ मिटले. तिनं ओठ मिटले की ते काय असतं, हे आमच्या घरात वडिलांपासून सगळ्यांना माहीत आहे.

"आई, प्लीज. कुणाच्या पिशवीत घातलंस?"

"गुप्त म्हणजे गुप्त. मी सांगितलं तर माझंही गेलं आणि तुझंही गेलं."

"माझं आधीच गेलंय!"

"संक्रांत आहे. गोड बोल."

मी नवऱ्याला विचारलं, तुला लाडवात काही लागलं का? तो म्हणाला, नाही. मला पुढे विचारायचं सुचलं नाही, कारण दान म्हणजे घराबाहेर, हे मी गृहीत धरलं. चुका काढायचा पगार घेणाऱ्या बाईनं ही चूक केली.

रविवारी सकाळपासून मी फोन सुरू केले. आता प्रश्न असा की विचारायचं काय? "काकू, तुमच्या लाडवात माझं अकराशे वर्षांचं नाणं आहे का?" असं विचारलं असतं तर दुपारपर्यंत सगळ्या मराठी मंडळात बोभाटा, आणि संध्याकाळपर्यंत शेजारच्या अध्यक्षांच्या कानावर. म्हणून मी म्हटलं, पाकात काहीतरी गडबड झाली आहे, लाडू खाऊ नका, मी बदलून देते. यावर एक काकू, ज्या स्वतः हृदयरोगतज्ज्ञ म्हणून निवृत्त झाल्या आहेत, म्हणाल्या, "अगं, ते खाता येणारच नव्हते. मी ते कुंडीत घातलेत, ड्रेनेजला बरे पडतात."

नुसत्या डोळ्यांनी लाडू तपासणं शक्य नव्हतं. फोडायचे तर हातोडी लागली असती. मग मला अध्यक्षांच्या मेटल डिटेक्टरची आठवण झाली. ते दर उन्हाळ्यात समुद्रकिनाऱ्यावर तो घेऊन हिंडतात आणि बाटल्यांची झाकणं गोळा करतात. मी कुंपणापाशी जाऊन तो मागितला.

त्यांनी कशाला हवा म्हणून विचारलंही नाही. गालावर हात ठेवून उभे होते, गाल जरा सुजल्यासारखा वाटत होता. माझ्याकडे बघून त्यांनी एक डोळा मिचकावला. मग आत जाऊन डिटेक्टर आणला, नव्या बॅटऱ्या घालून दिल्या आणि म्हणाले, "तुम्हाला जे हवं ते. कधीही." मला वाटलं, बिचारे आता थकले. दुसऱ्या दिवशी ऑफिसातून आले तर त्यांनी आमच्या पन्हळीतली सगळी पानं काढून ठेवली होती. त्या आठवड्यात त्यांनी स्वतः पकडून धुरी दिलेला सॅल्मन मासा आणून दिला. समोर आले की ते काहीतरी बोलायला तोंड उघडायचे, मिटायचे, आणि पुन्हा डोळा मिचकावायचे. मी नवऱ्याला म्हटलं, यांच्या डोळ्याचं काहीतरी बघायला हवं. नवरा म्हणाला, "असेल यार, वय झालं." आणि घाईनं दुसऱ्या खोलीत गेला.

तर मी, आई आणि मेटल डिटेक्टर, अशी आमची वरात संध्याकाळी निघायची. पावसात गाडी चालवायची मी, शेजारी शाल पांघरून आई, मागच्या सीटवर आडवा तो डिटेक्टर. आई आनंदानं यायची. दोन महिने घरात कोंडलेल्या बाईला रोज एका घरी चहा मिळत होता, आणि मी काय शोधते आहे हे ठाऊक असूनही तिचं तोंड मिटलेलंच. उलट गाडीत ती गप्पा मारायची. वडिलांशी लग्न ठरण्याआधी एका मुलानं तिला नकार कसा दिला, तो पुढे तिच्याच शाळेत मुख्याध्यापक म्हणून कसा आला, तिनं त्याच्या हजेरीपटावर रोज शाई कशी सांडली. हे मी कधीच ऐकलं नव्हतं. मी रागात होते म्हणून हसू दाबत होते, पण ते दाबलं जात नव्हतं.

घरोघरचा अनुभव एकच. आपल्या लोकांनी लाडू कशात ठेवले होते? स्टीलच्या डब्यात. डिटेक्टर दारातूनच किंचाळायला लागायचा. डब्यातून काढून लाकडी पोळपाटावर मांडावेत तर काकूंच्या बांगड्या वाजायच्या. बांगड्या काढल्या तर मंगळसूत्र. एका घरी सगळं काढून झालं, लाडू कागदावर मांडले, मी डिटेक्टर फिरवला तर खणखणीत आवाज आला. मी लाडू हातोडीनं फोडला. आत फक्त लाडू. पुन्हा डिटेक्टर फिरवला, पुन्हा आवाज. तेव्हा टेबलाच्या पलीकडे बसलेले काका शांतपणे म्हणाले, "माझा गुडघा बदललाय. तो वाजतोय."

कंपनीत नवीन लागलेल्या एका मुलीनं तर सरळ सांगितलं, "ताई, मी ते ऑफिसच्या किचनमध्ये ठेवले. एकानं खाल्ला, मग एचआरकडून ईमेल आली की ब्रेकरूममध्ये खडे ठेवू नका."

होता होता सगळी घरं संपली. लाडवांचा भुगा मात्र आमच्याकडे पोतंभर साठला. प्रदर्शनाच्या आदल्या रात्री मी आईच्या पुढे बसले आणि खरंच रडले. राग, लाज, दोन महिने मनात घोळवलेला तो चेहरा, सगळं एकदम आलं. आईनं डोक्यावर हात फिरवला, पण म्हणाली एवढंच, "ज्याच्या नशिबात होतं त्याला मिळालं."

"माझ्या नशिबात होतं, आई. मी लिलावात घेतलं होतं."

"बरं, गप. उद्या तुझ्या टेबलावर मी बसेन."

प्रदर्शन एका चर्चच्या तळघरात असतं. माझ्या टेबलावर मखमलीवर आता दुसरं काय ठेवणार? माझ्याकडे तांब्याच्या काही शिवराया होत्या, त्या मांडल्या. लोक यायचे, वाकून बघायचे, "इंटरेस्टिंग" म्हणायचे आणि जायचे. आई शेजारच्या खुर्चीत नऊवारी नेसून बसली होती आणि येणाऱ्या प्रत्येक गोऱ्या माणसाच्या हातावर चिमूटभर भुगा ठेवून "टिल्गुल, टिल्गुल" म्हणत होती. ती मराठी माणसांशी तिळगूळच म्हणते. त्यांना उच्चार सोपा जावा म्हणून हे.

सगळी गर्दी अध्यक्षांच्या टेबलाभोवती होती. कोपऱ्यावर निळी फीत लटकत होती, म्हणजे परीक्षकांनी त्यांना पहिला नंबरही देऊन टाकला होता. मी नवऱ्याला म्हटलं, बघून येऊ काय आणलंय यांनी. तो म्हणाला, "नको, गर्दी आहे." मी त्याला ओढतच नेलं.

काचेखाली माझं नाणं होतं.

मी त्याला कुठेही ओळखलं असतं. ती उलटी अक्षरं, ती नुसतीच रेघ, त्या तीन टोचण्या. फक्त एक कड आता किंचित वाकली होती आणि तिथे एक नवा, अर्धगोल खड्डा होता. खालच्या चिठ्ठीवर अध्यक्षांनी सुबक अक्षरात लिहिलं होतं: "सापडल्याचं ठिकाण: रेडमंड, तिळाच्या लाडवात. खुणा: चार. तीन व्हायकिंगांनी सुरीनं केलेल्या, चौथी एका व्हायकिंगानं दातानं केलेली."

मी सावकाश नवऱ्याकडे वळले. तो माझ्याकडे सोडून सगळीकडे बघत होता.

"तू त्यांना लाडू देतोस?"

"मला ते चावत नाहीत," तो पुटपुटला. "कधीच चावले नाहीत. आईंना वाईट वाटेल म्हणून कुंपणावरून त्यांना देतो. लग्न झालं तेव्हापासून. सॉरी, म्हणजे इथे राहायला आलो तेव्हापासून. त्यांना फार आवडतात. आणि तू विचारलंस लाडवात काही लागलं का, तर मी एकही खाल्ला नव्हता. खरंच काही लागलं नव्हतं."

"आणि आईनं तो तुला दिला?"

मागून आई आली होती. काचेखाली बघून तिनं कपाळावर हात मारला. "आता फुटलंच सगळं. जावयाला दिल्यासारखं दान नाही. मी जावईबापूंच्या डब्यात सगळ्यात मोठा लाडू घातला होता."

"आई, माझं नाणं माझ्याच नवऱ्याला दान?"

"जावई परक्या घरचा असतो," आई म्हणाली. "घर त्यांचं. मी पाहुणी."

तेवढ्यात अध्यक्षांनी आम्हाला पाहिलं. गर्दी बाजूला सारून ते आले. समोरचा एक दात नवा कोरा, बाकीच्यांपेक्षा पांढरा. माझे दोन्ही हात त्यांनी हातात घेतले. मी तोंड उघडलं. माझ्या जिभेवर सगळं तयार होतं: लिलावाची पावती माझ्याकडे आहे, हे माझं आहे, हे चुकून आलं आहे, आत्ता काढा काचेखालून.

"मला ठाऊक आहे, आभार मानायचे नसतात," ते हळू आवाजात म्हणाले. "मी इंटरनेटवर वाचलं. मानले तर पुण्य जातं. म्हणून तीन आठवडे मी तोंड बंद ठेवलं. पण एक सांगू? आमच्याकडे नाताळात आजी तांदळाची खीर करायची. सगळ्या खिरीत एकच बदाम लपवलेला. ज्याच्या वाटीत निघेल त्याचं वर्ष चांगलं. दर वर्षी तो माझ्या बहिणीच्या वाटीत निघायचा. एकदाही मला नाही." त्यांनी दाढीवरून हात फिरवला. "हा दात तुटला तेव्हा मला वाटलं, बदाम."

मग त्यांनी काच उचलली आणि नाणं माझ्या तळहातावर ठेवलं. "घ्या. बघा जवळून. तुम्ही भिंगाशिवाय चुका ओळखता."

नाणं हातात होतं. मूठ मिटायची फक्त. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि तो चेहरा, ज्याच्यावर मी दोन महिने जगले होते, तो माझ्यासमोर होता. मला हवा होता तसा नव्हता. त्याच्यापेक्षा फारच बरा होता. आई माझ्या कोपराला चिमटा काढत होती आणि सगळ्या तळघराला ऐकू जाईल अशा मराठीत सांगत होती, "दिलेलं परत घेतलंस तर पुढच्या जन्मी पाल होशील, पाल."

मी नाणं त्यांच्या तळहातावर परत ठेवलं. "तुमची चौथी खूण सगळ्यात चांगली आहे," मी म्हटलं. "इतरांनी नुसतं टोचलंय. जपा हे." ते हसले, तेव्हा तो नवा दात चकाकला.

घरी येताना पाऊस होताच. नवरा गाडी चालवत होता आणि जन्मात पहिल्यांदा वेगमर्यादा पाळत होता. मी मागे आईच्या शेजारी बसले होते. मला भयंकर वाईट वाटत होतं. चांगलं वागल्याचं समाधान वगैरे काही वाटत नव्हतं, नाणं हवं होतं. खिडकीकडे तोंड करून मी डोळे पुसले.

आईनं बटवा उघडला. आतून रुमालाची गाठ काढली, ती सोडायला तिला बराच वेळ लागला, आणि माझ्या हातावर एक चांदीचा रुपया ठेवला. जुना, राजाच्या डोक्याचा, गोल, जड, गुळगुळीत झालेला.

"हा माझ्या आईचा," ती म्हणाली. "यंदा गुप्तदानात हाच घालायचा म्हणून सांगलीहून आणला होता. लाडू वळायला घेतला आणि हातातून सुटेना. तेवढ्यात तुझ्या टेबलावर ते काळं दिसलं."

"म्हणजे स्वतःचं देववेना म्हणून माझं दिलंस?"

"हो," आई म्हणाली. "आता हा घे. दान नाही हं. नुसता घे."

माझा राग पुढे आला आणि मागे फिरला. मी तो रुपया दोन्ही बाजूंनी पाहिला, अक्षरं तपासली. एकही चूक नव्हती. मग काय करावं कळेना म्हणून दाताखाली धरून पाहिला.

"चावतेस काय गं?" आई ओरडली. "त्या शिंगवाल्यांसारखी!"

"शिंगं नव्हती गं त्यांना," मी म्हटलं, आणि तिच्या शालीत शिरले.